वाटेकरी शेती, अमेरिकेतील

यादवी युद्धानंतर (१८६१–६५) अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत रूढ झालेली, दुसऱ्याची जमीन कसून पिकाचा ठरावीक, बहुधा निम्मा, वाटा मालकाला देण्याची पद्धती. गरीब गोरे शेतकरीही तिच्यात मोठ्या संख्येने ओढले गेले. मात्र तिचा जन्म गुलामगिरीतून मुक्त झालेल्या सुमारे ४० लाख कृष्णवर्णीयांच्या भूमिहीनतेतून झाला.

मुक्त झालेल्यांना सर्वांत आधी जमीन हवी होती. उत्तरेच्या सैन्याचे जनरल विल्यम शर्मन यांच्या १६ जानेवारी १८६५ च्या हुकुमाने साउथ कॅरोलायना, जॉर्जिया व फ्लॉरिडा यांच्या किनाऱ्यालगत दर कुटुंबाला ४० एकरांपर्यंत जमीन मिळू लागली आणि सुमारे ४०,००० लोक तेथे वसले. पण राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी युद्धात बंडखोर दक्षिणेच्या बाजूने राहिलेल्या जुन्या मालकांना माफी देऊन त्या जमिनी परत करायला सुरुवात केली. पुढील दैन्याचे मूळ या निर्णयात आहे.

मालकांकडे मजुरीसाठी रोकड नव्हती आणि मुक्त माणसांना पुन्हा मुकादमाच्या चाबकाखाली राबायचे नव्हते. त्यामुळे एकेका कुटुंबाने स्वतंत्र तुकडा कसावा अशी तडजोड झाली. खोपटे, खेचर, नांगर व बियाणे मालकाचे, राबणूक कुटुंबाची. वेचणी होईपर्यंत मक्याचे पीठ, खारवलेले मांस आणि कापड दुकानातून उधारीवर येई. त्याचा भाव रोखीपेक्षा चढा असे, आणि तारण म्हणून उभे पीकच लिहून दिलेले असे. दुकानदाराला विकाऊ पीक हवे असल्याने कापूसच लावावा लागे आणि घरच्या मक्याला रान उरत नसे. वर्षअखेरचा हिशेब मालक मांडी. अनेक न्यायालयांनी वाटेकऱ्याला कूळ न मानता मजूर मानल्याने पिकावरही त्याचा हक्क नसे. १९१९ मध्ये आर्कन्सॉतील एलेनजवळ कापसाच्या रास्त मोबदल्यासाठी संघटित झालेल्या कृष्णवर्णीय वाटेकऱ्यांचे हत्याकांड झाले.

महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ मध्ये गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केला, तेव्हा तेथील कृष्णवर्णीय पुरुषांना पंधराव्या घटनादुरुस्तीने (१८७०) मताधिकार मिळालेला होता. १८७७ नंतर दक्षिणेत या हक्कांना असलेला संघराज्याच्या फौजेचा आधार सुटला. पुढे मिसिसिपीने १८९० च्या संविधानात मतदानासाठी कर व साक्षरतेची अट घातली आणि इतर राज्यांनी तोच मार्ग धरला. कर्जाची वही खोटी ठरवू शकणारे न्यायपीठ निवडण्याचा अधिकारच अशा रीतीने वाटेकऱ्याच्या हातून गेला.

१९३३ पासून लागवड घटवण्यासाठी मिळणारे सरकारी अनुदान बहुतांशी मालकांकडेच राहिले आणि अनेक वाटेकरी बेदखल झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर कापूसवेचणी यंत्रे पसरली, तोवर लाखो कुटुंबे शिकागो, डेट्रॉइटसारख्या शहरांत गेली होती.