ऑस्ट्रेलियातील खाद्यपरंपरा

ऑस्ट्रेलियाच्या खाण्यात दोन परंपरा आहेत. एक तिथल्या आदिवासींची, हजारो वर्षांची. दुसरी १७८८पासून ब्रिटिश वसाहतीबरोबर आलेली, गहू, मेंढी, साखर आणि चहा यांवर उभी राहिलेली. नव्याने आलेल्यांनी जुन्यांकडून फारच थोडे शिकून घेतले.

आदिवासींच्या रानातल्या अन्नाला तिकडे ‘बुश टकर’ म्हणतात. कांगारू, इमू, घोरपडीच्या जातीचा गोआना, बाभळीच्या कुळातल्या झुडपांच्या मुळांत सापडणारी विचेटी अळी, कंद, रानफळे असे बरेच काही त्यात येते. पण हे अन्न म्हणजे केवळ शिकार आणि वेचणी नव्हे. व्हिक्टोरिया राज्यातल्या बज बिम येथे गुंडिट्जमारा लोकांनी लाव्हाच्या दगडांतून पाट आणि बांध रचून वाम मासे अडवले, वाढवले. सुमारे ६,६०० वर्षे जुन्या या रचनेला २०१९ साली जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. क्वीन्सलंडमध्ये बुन्या वृक्षांना भरघोस फळ धरले की दूरदूरच्या जमाती एकत्र जमत आणि तो मेळा बराच काळ चाले.

या ज्ञानाची किंमत नार्डूच्या कथेतून कळते. नार्डू हा पाणथळ जागी उगवणारा चार दलांच्या पानांचा नेचा. त्याच्या बीजाणुकोशांत थायमिनेज हे विकर असते आणि ते शरीरातले ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट करते. तिथले यांद्रुवांधा आदिवासी हे कोश भाजून, पाणी घालून वाटून मगच खात. १८६१ साली बर्क आणि विल्स हे शोधप्रवासी कूपर क्रीकजवळ अडकले. नार्डू त्यांनी खाल्ला, पण त्यावरची प्रक्रिया पुरती न शिकता. रोज पोटभर खाऊनही ते खंगत गेले आणि मरण पावले. उपासमारीला ‘ब-१’च्या अभावाने होणाऱ्या बेरीबेरी रोगाची जोड मिळाली असावी, असे आज मानले जाते. त्यांचा साथीदार जॉन किंग यांद्रुवांधांच्या आश्रयाला गेला आणि वाचला.

वसाहतीचे अन्न साधे होते. कणीक, पाणी, मीठ मळून निखाऱ्यांच्या राखेत भाजलेला डॅम्पर हा मेंढपाळांचा पाव. वऱ्हाडातल्या रोडग्याचीच आठवण यावी. सोबत पत्र्याच्या डब्यात, म्हणजे ‘बिली’त, उकळलेला चहा.

गोड पदार्थांत लॅमिंग्टनचा मान मोठा. स्पंज केकचे चौकोनी तुकडे पातळ चॉकलेटात बुडवून खोबऱ्याच्या किसात घोळवतात. शाळा आणि मंडळे निधी उभारण्यासाठी ते घाऊक विकतात. हे नाव क्वीन्सलंडचे १८९६ ते १९०१ या काळातले गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांच्यावरून किंवा त्यांच्या पत्नीवरून पडले. हेच गृहस्थ पुढे १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आताचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, त्यांच्याच नावाचा. १९४० साली लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी झाडलेल्या गोळ्यांत ते जखमीही झाले होते.

पाव्हलोव्हा हा अंड्याच्या पांढऱ्याचा, वरून साय आणि फळे घातलेला पदार्थ. रशियन नर्तकी आना पाव्हलोव्हाच्या नावाचा हा पदार्थ आपलाच, असे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड दोघेही सांगतात. ओट, खोबरे आणि गोल्डन सिरप यांचे अंडे न घालता केलेले अँझॅक बिस्किट (अँझॅक म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे संयुक्त सैन्यदल) पहिल्या महायुद्धाच्या स्मृतीशी इतके जोडलेले आहे की ‘अँझॅक’ हा शब्द वापरण्यावर कायद्याचे बंधन आहे.

व्हेजिमाइट मेलबर्नला सिरिल कॅलिस्टर या रसायनज्ञाने तयार केले आणि ते १९२३ साली बाजारात आले. बिअर गाळून उरलेल्या यीस्टपासून केलेला हा काळा, खारट लेप लोणी लावलेल्या टोस्टवर अगदी पातळ पसरायचा असतो. नवखा माणूस तो चमचाभर घेतो आणि तोंड वाकडे करतो. त्यात ‘ब-१’ भरपूर असते, तेच ज्याच्या अभावाने बर्क-विल्स खंगले असावेत.

मॅकाडेमिया हे पूर्व किनाऱ्यावरचे मूळचे फळ, पण त्याच्या मोठ्या बागा आधी हवाईत फुलल्या. कांगारूचे मांस माणसांना खाण्यासाठी विकायला बहुतेक राज्यांत १९९३पर्यंत परवानगी नव्हती. याउलट मीट पाय, म्हणजे मांसाचे सारण भरून भाजलेला पाय, फुटबॉलच्या मैदानावर कधीपासूनच आहे आणि चिनी स्थलांतरितांचा डिम सिम, म्हणजे मांस आणि कोबीचे सारण भरलेली पुरचुंडी, मेलबर्नच्या तळणीच्या दुकानांत पक्का रुळला आहे. निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्राबाहेर भाजलेले सॉसेज पावाच्या तुकड्यात कांदा आणि सॉस घालून विकतात. लोक त्याला ‘लोकशाहीचे सॉसेज’ म्हणतात.