परदेशी परवान्याचं बेटिंग अ‍ॅप, गोठलेलं बँक खातं आणि करायचे अर्ज

आयपीएलचा हंगाम आला की ‘आयडी’, म्हणजे बेटिंग अ‍ॅपवर खेळायचं खातं, देणारा एजंट एक वाक्य हमखास ऐकवतो : “आपल्या अ‍ॅपला कुराकाओचं लायसन्स आहे, सगळं कायदेशीर आहे.” कुराकाओ हे कॅरिबियन समुद्रातलं एक बेट. या वाक्यावर विसंबून पैसे लावणाऱ्याचं बँक खातं गोठतं. कधी कधी आयुष्यात एक रुपयाही न लावलेल्या माणसाचंही गोठतं. तो परवाना जळगावात किंवा शिरपूरला का कामाचा नाही, आणि खातं गोठलं किंवा पैसे अडकले तर कुठे, कोणते कागद घेऊन अर्ज करायचा, ते पुढे दिलं आहे.

परवाना कुठे चालतो

पैसे लावणारा माणूस त्या क्षणी कुठे बसला आहे, त्या जागेचा कायदा लागतो. ब्रिटनमध्ये २००५ च्या कायद्याने सट्टा परवानगीने चालतो, वय १८ पूर्ण हवं. पण २०१४ च्या दुरुस्तीनंतर तिथल्या ग्राहकाकडून पैज घेणाऱ्या प्रत्येक कंपनीला ब्रिटनच्याच गॅम्बलिंग कमिशनचा परवाना लागतो, मग तिचं कार्यालय माल्टात असो की आणखी कुठे. म्हणजे जिथे सट्टा कायदेशीर आहे तो देशसुद्धा कुराकाओचा कागद मानत नाही. तिथे ओळख आणि वय तपासल्याशिवाय पैज लावता येत नाही, आणि एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डही चालत नाही.

अमेरिकेत १४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय बंदी रद्द केली आणि निर्णय राज्यांवर गेला. बहुतेक परवानगी देणाऱ्या राज्यांत वयाची अट २१ आहे आणि फोनचं लोकेशन त्या राज्याच्या हद्दीत असावं लागतं. कॅलिफोर्निया आणि टेक्सास, जिथे आपल्याकडची आयटीतली पुष्कळ मुलं आहेत, तिथे ऑनलाइन स्पोर्ट्स बेटिंगला परवानगी नाही. ऑस्ट्रेलियात सामना सुरू होण्याआधी ऑनलाइन पैज चालते, सामना सुरू झाल्यावर मात्र ऑनलाइन नाही. जर्मनीत जुलै २०२१ पासूनच्या नियमांनुसार सगळ्या साइट मिळून महिन्याला साधारण १,००० युरोच भरता येतात. सिंगापूरमध्ये बेकायदा साइटवर खेळणाऱ्यालाही १०,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आखातात कामाला गेलेल्यांनी हे नीट लक्षात ठेवावं. सौदी, कुवेत, कतारमध्ये जुगार गुन्हा आहे. संयुक्त अरब अमिरातीत २०२३ मध्ये स्थापन झालेल्या प्राधिकरणाचा परवाना नसलेलं सगळं बेकायदा आहे. तिथे मोबाइलवर गंमत म्हणून लावलेली पैज नोकरी आणि व्हिसा दोन्हींवर येऊ शकते.

आपल्याकडे राज्याचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. त्यावर संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला, त्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्याचा खेळ असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ पुरवणं या कायद्याने बंद आहे. पुरवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आयडी’ची लिंक फिरवणाऱ्याने ही दुसरी ओळ पुन्हा वाचावी. नुसतं खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, पण त्यामुळे त्याचं खातं सुरक्षित होत नाही.

खातं का गोठतं

बेकायदा अ‍ॅप स्वतःच्या नावाने भारतात खातं उघडू शकत नाही. म्हणून पैसे भरताना दर वेळी नवा क्यूआर कोड येतो आणि नाव कुणा अनोळखी माणसाचं किंवा भलत्याच दुकानाचं दिसतं. ही भाड्याने घेतलेली खाती असतात. त्यांतच शेअर बाजाराच्या नावाने किंवा ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालून लुबाडलेल्यांचे पैसेही येतात. तुम्ही जिंकलेले पाच हजार ‘विड्रॉल’ म्हणून घेता, ते अशाच कुणाचे असू शकतात. तो लुबाडलेला माणूस १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करतो, मग पैशाचा माग एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात लावला जातो आणि वाटेतल्या प्रत्येक बँकेला रक्कम रोखण्याचा संदेश जातो.

तुम्ही त्याच पाच हजारांतून रावेरच्या बागायतदाराला केळीचे पैसे दिले असतील, तर बागायतदाराच्या खात्यावरही होल्ड लागू शकतो. त्याचा काहीही दोष नसतो. त्याने घाबरून गप्प बसू नये, कारण त्याची बाजू कागदावर सगळ्यात भक्कम असते.

खातं गोठलं तर

आधी शाखेत जा आणि लेखी अर्जाने चार गोष्टी मागा : तक्रारीचा पोचपावती क्रमांक, कोणत्या राज्यातलं कोणतं पोलीस ठाणं, वादातली रक्कम किती, आणि फक्त त्या रकमेवर लियन आहे (म्हणजे तेवढीच रक्कम रोखली आहे) की पूर्ण खात्यावर डेबिट फ्रीझ (म्हणजे खात्यातून काहीच काढता येत नाही). “सायबरकडून आलंय” एवढ्या तोंडी उत्तरावर परत येऊ नका. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. लोकपाल पोलिसांचा होल्ड काढत नाही, पण बँकेला उत्तर द्यायला लावू शकतो.

मग त्या पोलीस ठाण्याच्या तपास अधिकाऱ्याला ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्हीने अर्ज पाठवा. तक्रार बहुतेकदा दुसऱ्याच राज्यातली असते, म्हणून अर्ज हिंदी किंवा इंग्रजीत हवा. सोबत जोडायचं :

– आधार, पॅन आणि पासबुकच्या पहिल्या पानाची प्रत
– वादातल्या व्यवहाराच्या आधीचं आणि नंतरचं, किमान सहा महिन्यांचं, बँकेच्या शिक्क्याचं स्टेटमेंट
– त्या यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर (व्यवहाराचा ओळख क्रमांक), तारीख, रक्कम
– पैसे कशाचे आले त्याचा पुरावा : शेतकऱ्याला काटापावती, बिल्टी, पीक नोंदीसह सातबारा, दुकानदाराला बिल आणि स्टॉकची नोंद, मजुराला मालकाचं पत्र
– पैसे पाठवणाऱ्याशी झालेलं बोलणं, स्क्रीनशॉटसह

मजकूर लांबवू नका. “अमुक तारखेला अमुक यूटीआरने माझ्या खात्यात इतके रुपये आले. ते अमुक मालाच्या विक्रीचे आहेत, पुरावा जोडला आहे. तपासात पूर्ण सहकार्य करेन. वादातली रक्कम राखून बाकी खातं सुरू करण्याचे निर्देश बँकेला द्यावेत.” शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. दोन हजारांच्या वादासाठी दोन लाखांचं खातं बंद ठेवण्याची गरज नसते. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये होल्ड वादातल्या रकमेपुरताच ठेवावा असं म्हटलं आहे, त्याचा उल्लेख करायला हरकत नाही.

पैसे बेटिंगचेच असतील तर तसंच लिहा. “मित्राने उधारी परत केली” असं लिहिलं आणि स्टेटमेंटमध्ये दर शनिवार-रविवारी अनोळखी खात्यांत पैसे गेलेले दिसले, की अर्ज तिथेच पडतो आणि संशय वाढतो. मात्र असा जबाब देण्याआधी वकिलाला दाखवा. अ‍ॅप आणि चॅट डिलीट करू नका.

पोलिसांकडून उत्तर आलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. हा अर्ज पोलीस ठाणं ज्या न्यायालयाच्या हद्दीत आहे तिथे करावा लागतो. धुळ्यात राहणाऱ्याला हैदराबादेत वकील लावावा लागला तर रक्कम आणि खर्च आधी ताडून पाहावा. न्यायालय बंधपत्र घेऊन रक्कम मोकळी करू शकतं. विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील महिलांना, तसंच अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना उत्पन्नाची अट न लावता मिळतो. अक्कलकुवा, धडगाव, चोपडा भागातल्या आदिवासी बांधवांनी तो जरूर मागावा. हेल्पलाइन १५१०० आहे.

या टप्प्यावर “वीस टक्के द्या, एनओसी आणून देतो” म्हणजे पोलिसांचं ना-हरकत पत्र मिळवून देतो म्हणणारे लोक भेटतात. ती दुसरी फसवणूक असते.

अ‍ॅपमध्ये पैसे अडकले तर

वॉलेटमध्ये शिल्लक दिसते, पण काढायला गेलं की आधी ‘टॅक्स’ भरा म्हणतात. इथेच थांबा. खरा कर कुणाच्या खासगी यूपीआयवर भरला जात नाही. लगेच १९३० ला फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आर्थिक फसवणुकीची तक्रार नोंदवा. पोर्टलवर मोबाइल ओटीपीने नोंदणी होते. यूटीआर, ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील, स्टेटमेंट आणि ओळखपत्र हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवलं तरच रोखता येतात, तासांचा हिशेब आहे. यूटीआर चुकला तर माग लागत नाही, म्हणून तो स्क्रीनशॉटवरून न टिपता बँकेच्या स्टेटमेंटवरून टिपा. पोचपावती क्रमांक मिळाल्यावर जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जाऊन जबाब द्या. पिन स्वतः टाकून भरलेल्या पैशांना ‘अनधिकृत व्यवहारा’चं संरक्षण मिळत नाही, बँकेकडे भरपाई मागण्यात दिवस घालवू नका.

खातं भाड्याने दिलं असेल तर

महिन्याला काही हजार मिळतात म्हणून पासबुक, एटीएम आणि सिम दुसऱ्याला दिलं असेल, तर तुम्ही साक्षीदार नाही, आरोपी होऊ शकता. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने केलेल्या अनधिकृत सट्टेबाजीला १ ते ७ वर्षं शिक्षा आहे. आजच सिम बंद करा, एटीएम ब्लॉक करा, बँकेला लेखी कळवा, एजंटचे मेसेज जपून ठेवा आणि बोलावणं येण्याआधी वकिलासोबत सायबर पोलीस ठाण्यात जा.

सरकारी अनुदान

पीएम किसानचा हप्ता, पीकविमा, शिष्यवृत्ती गोठलेल्या खात्यात जमा होते, पण काढता येत नाही. दुसऱ्या बँकेत किंवा पोस्ट पेमेंट्स बँकेत नवं खातं उघडा आणि तिथे आधार सीडिंगचा, म्हणजे अनुदानासाठी आधार त्या खात्याला जोडण्याचा, संमती अर्ज भरा. आधारवर आधारित रक्कम शेवटी सीड केलेल्या बँकेत जाते. सीडिंग बदललं की नाही ते आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये पाहा आणि ते झाल्यावरच पुढच्या हप्त्याची वाट पाहा.