वैद्यकीय व पर्यावरण-आरोग्य माहितीशोध प्रशिक्षण

डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते, सार्वजनिक आरोग्य अधिकारी इत्यादींना संगणकीय माहितीकोशांतून आपल्या प्रश्नाशी संबंधित संशोधन शोधण्याचे दिले जाणारे शिक्षण.

त्याचा आरंभ १९६४ चा मानावा की १९८६ चा, हे प्रशिक्षणार्थी कोणाला म्हणावे यावर अवलंबून आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची मेडलार्स ही वैद्यकीय संदर्भ शोधणारी संगणकीय यंत्रणा १९६४ मध्ये कार्यान्वित झाली. परंतु तीत डॉक्टर स्वतः शोध घेत नसे. तो मागणी लिहून पाठवी, प्रशिक्षित शोधतज्ज्ञ ती प्रमाणित विषयशीर्षकांत (प्रत्येक विषयासाठी ठरवून दिलेल्या संज्ञांत) मांडी आणि छापील यादी टपालाने येई. एफ. डब्ल्यू. लँकेस्टर यांच्या १९६८ च्या मूल्यमापनात उपयुक्त संदर्भांपैकी सरासरी सु. ५८ टक्केच हाती लागल्याचे आढळले. मागणी मुळातच नीट मांडलेली नसणे हे त्याचे एक ठळक कारण होते. १९७१ मध्ये मेडलाइन या माहितीकोशाद्वारे थेट शोध शक्य झाला, तरी प्रशिक्षण मुख्यतः ग्रंथपालांचेच राहिले. वैयक्तिक संगणकासाठीची ग्रेटफुल मेड ही प्रणाली १९८६ मध्ये आली आणि शोधाचे काम खुद्द डॉक्टरांच्या हाती जाऊ लागले. म्हणून १९८६ हाच आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. मेडलाइन व इतर नोंदी शोधण्याचे पबमेड हे संकेतस्थळ १९९७ मध्ये सर्वांसाठी विनामूल्य खुले झाले.

प्रशिक्षणात विषयशीर्षकांवर विशेष भर असतो. शिशाच्या विषबाधेविषयी शोधताना नुसता ‘लेड’चा इंग्रजी शब्द टाकल्यास हृदयालेखाच्या तारांविषयीचे लेखही समोर येतात, कारण दोहोंची अक्षरे तीच. ‘लेड पॉयझनिंग’ हे शीर्षक निवडल्यास ते टळतात आणि मज्जासंस्थेवरील परिणामांचे त्याखालील अधिक विशिष्ट शीर्षकही आपोआप समाविष्ट होते. मात्र पबमेडमधील, पण मेडलाइनबाहेरील नोंदींना अशी शीर्षके नसतात. त्यामुळे शीर्षक व साधे शब्द ‘किंवा’ने जोडून शोधण्यास शिकवले जाते. रसायनांना अनेक नावे असल्याने त्यांचा सीएएस नोंदणी क्रमांक (प्रत्येक रसायनाला दिलेला स्वतंत्र क्रमांक) वापरणे श्रेयस्कर. भोपाळच्या वायुदुर्घटनेतील मिथाइल आयसोसायनेटचा तो ६२४-८३-९ आहे.

पर्यावरण-आरोग्याच्या शाखेत टॉक्सनेट हा विषारी पदार्थांविषयीचा माहितीकोशसमूह दीर्घकाळ अभ्यासक्रमाचा कणा होता. तो डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाला. त्यातील घातक पदार्थांची माहितीपेढी पबकेम या रसायनांच्या माहितीकोशात गेली, साहजिकच जुन्या हस्तपुस्तिका निरुपयोगी ठरल्या.

भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी १९८६ च्या सुमारास दिल्लीत वैद्यकीय माहितीशोधाचे संयुक्त केंद्र स्थापले. भारतीय नियतकालिकांसाठीचा इंडमेड हा माहितीकोश त्याच केंद्राचा होता.