दह्यात मीठ घातलं की जिवाणू मरतात का?

‘दह्यात मीठ घालू नका, त्यातले सगळे उपयुक्त जिवाणू लगेच मरतात’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. तसं होत नाही.

सॅलडवरच्या ड्रेसिंगचंच प्रमाण पाहा: 150 ग्रॅम टांगलेलं दही, 50 ग्रॅम घट्ट ताक, मूठभर बारीक चिरलेली कोथिंबीर-पुदिना, अर्धी ठेचलेली लसूण पाकळी, अर्धा चहाचा चमचा मीठ. मीठ भरतं सुमारे 3 ग्रॅम, म्हणजे दीड टक्का. कोबी आंबवताना 2 टक्क्यांहून जास्त मीठ घालतात, तरी ते आंबवतात लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणूच. दह्यातले जिवाणू वेगळ्या जातीचे. मिठाने त्यांचा वेग मंदावतो, पण ते सरसकट मरत नाहीत.

घरी पडताळा. चमचाभर दह्यात चिमूटभर मीठ कालवून तासभर ठेवा. मग दोन वाट्यांत सारखंच कोमट दूध घेऊन एकीला हे विरजण लावा, दुसरीला साधं. सकाळी दोन्हींत दही लागलेलं दिसेल. उकळलेल्या कढीचं विरजण मात्र लागणार नाही, कारण जिवाणू मारते ती उष्णता.

मिठाने बिघडतो तो ड्रेसिंगचा दाटपणा. काकडी-टोमॅटोला पाणी सुटतं, म्हणून ते वाढतानाच मिसळावं.