जबडा वाजतो, म्हणून स्प्लिंट?

जबड्याचा सांधा वाजला किंवा दुखला की अनेकदा स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसवायचं काढघाल करता येणारं आवरण, सुचवली जाते. ती खरंच लागते का? आधी सांधा पाहू. दोन्ही कानांच्या अगदी पुढे एकेक बोट टेकवा आणि तोंड सावकाश उघडा. आधी बोटाखाली हाडाचा गोळा जागच्या जागी फिरेल, मग पुढे सरकेल आणि तिथे खळगा पडेल. पहिले वीस-पंचवीस मिलिमीटर बिजागरीचे, पुढचे घसरगुंडीचे. असा दुहेरी सांधा शरीरात विरळाच.

गोळा आणि कवटीतली खोबण यांच्यामध्ये कूर्चेची एक चकती असते, मध्ये पातळ आणि कडांना जाड. ती गोळ्यावर टोपीसारखी बसते. टोपी पुढे निसटली की तोंड उघडताना गोळा तिच्या मागच्या जाड कडेला अडतो, मग कड ओलांडून पातळ भागाखाली उडी घेतो. कट्ट! तोंड मिटताना टोपी पुन्हा निसटते, तो दुसरा, हलका आवाज. ही उडी जमेनाशी झाली की आवाज बंद होतो, पण तोंडही अर्ध्यावर अडकतं. आवाज थांबला म्हणजे सांधा बरा झाला, असं नेहमीच नसतं. आणि दुखत नसेल, तर नुसत्या आवाजावर सहसा उपचार लागत नाही.

मग स्प्लिंट कशासाठी? १९३४ साली जेम्स कॉस्टेन या अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञाने कानाजवळच्या दुखण्याचा संबंध दातांच्या ठेवणीशी जोडला, आणि 'चावा (वरचे-खालचे दात एकमेकांवर बसणं) सुधारा, सांधा सुधारेल' हा विचार रुजला. पण गंमत पाहा. काही चाचण्यांत तुलनेसाठी नुसत्या टाळूला चिकटणाऱ्या, चाव्यात मुळीच न येणाऱ्या स्प्लिंट दिल्या, तर त्यांनीही बऱ्याच जणांना आराम पडला! हे दुखणं मुळात चढतं-उतरतं. माणूस डॉक्टरांकडे जातो, तेव्हा दुखणं शिगेला पोचलेलं असतं. त्यानंतर काहीही केलं तरी उतार दिसणारच. (झोपेत दात खाणाऱ्या मुलाला जंताचं औषध दिल्यावर 'गुण' येतो, तोही बहुधा असाच.)

ब्रिटनमध्ये २०२० साली बऱ्याच चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा स्प्लिंटने दुखणं कमी होतं असा पुरावा सापडला नाही. जुनाट दुखण्यासाठीच्या २०२३च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींतही जबड्याचे व्यायाम आणि वर्तनोपचार (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारे उपचार) पुढे आहेत, स्प्लिंट मागे. जबडा 'सरळ' करून पाठदुखी घालवण्याच्या जाहिरातींबद्दल न बोललेलं बरं.

दात खाणाऱ्यांच्या दातांची झीज स्प्लिंट वाचवते, एवढं श्रेय तिला द्यायला हवं. मात्र ती सगळे दात झाकणारी हवी. फक्त पुढचे दात झाकणारी महिनोन्‌महिने वापरली, तर मोकळ्या राहिलेल्या दाढा हळूहळू वर येतात, आणि एक दिवस दाढा टेकतात पण पुढचे दात मिटतच नाहीत.