फोर-बाय-फोर गाडीचे टायर-माप (गोवा)

फोर-बाय-फोर म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना पोचवू शकणारी गाडी. तिला कोणता टायर शोभतो यापेक्षा कोणता चालतो, हे रुंदी, भिंतीची (रिम आणि जमीन यांमधल्या रबरी बाजूची) उंची, रिमचा व्यास, एकूण व्यास आणि भारक्षमता यांच्या मेळावर ठरते. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौ. किमी. एवढ्याशा प्रदेशात एकच गाडी सकाळी पणजीच्या डांबरावर, दुपारी सत्तरीच्या तांबड्या चिखलात आणि संध्याकाळी सांगेतल्या एखाद्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, असू शकते. वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. म्हणून वाळवंटी किंवा बर्फाळ प्रदेशातला टायरचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

मापाचे वाचन

टायरच्या भिंतीवर २४५/७५ आर १६ असे लिहिलेले असते. २४५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ७५ हा आकडा मिलिमीटर नव्हे. भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १८४ मिमी आहे, असे तो सांगतो. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १६ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. १६ इंच म्हणजे ४०६.४ मिमी, त्यात वरची आणि खालची भिंत मिळवली की टायरचा एकूण व्यास सुमारे ७७४ मिमी येतो. हा हिशेब दुकानात मोबाइलवर करून पाहावा, कारण दुकानदार बहुधा फक्त रिमचा आकडा विचारतो आणि ‘सोळाचा बसेल’ म्हणून मोकळा होतो.

काही टायरांवर ३१×१०.५० आर १५ अशी इंची लिपी असते. इथे व्यास आणि रुंदी थेट इंचांत दिलेली असते. हा टायर साधारण ७८७ मिमी उंच आणि २६७ मिमी रुंद भरतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपचा टायर ६.००-१६ मापाचा होता, म्हणजे जेमतेम सहा इंच रुंद. त्या बारीक चाकांवर ती जीप जगभरचा चिखल तुडवून आली, हे आजच्या रुंद टायरांच्या हौशी मंडळींनी विसरू नये.

मापानंतर एक आकडा आणि एक अक्षर येते, उदाहरणार्थ १०४ एच. १०४ ही भारसंख्या असून तिचा अर्थ एका टायरमागे ९०० किलो. १०० म्हणजे ८०० किलो, ९५ म्हणजे ६९० किलो. अक्षर वेगमर्यादेचे असते: एच म्हणजे ताशी २१० किमी, टी म्हणजे १९०, क्यू म्हणजे १६०. चिखलाच्या जाड नक्षीच्या टायरांना बऱ्याचदा क्यू असते. गोव्याच्या रस्त्यांवर वेगाच्या अक्षरावरून कुणाचे अडणार नाही. भारसंख्येवरून मात्र अडू शकते.

व्यास वाढवण्याची किंमत

टायर मोठा करण्यामागे पोट वर उचलणे, म्हणजे गाडीखालची मोकळी उंची वाढवणे, हे कारण सांगितले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. व्यास जेवढा वाढतो त्याच्या निम्मीच उंची गाडीला मिळते. भारतात विकल्या गेलेल्या मारुती जिम्नीला १९५/८० आर १५ टायर येतो. त्याचा व्यास ६९३ मिमी. त्या जागी २३५/७५ आर १५ बसवला तर व्यास सुमारे ७३३ होतो. चाळीस मिलिमीटर वाढले, गाडी वीसच उचलली गेली. बदल्यात चाकाचा घेर जवळपास सहा टक्क्यांनी वाढला. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, त्यामुळे काटा १०० दाखवत असताना गाडी मूळ टायरांच्या हिशेबापेक्षा सहा टक्के जास्त पळत असते. अनेक गाड्यांचा काटा मुळातच थोडा पुढे दाखवतो, म्हणून काही फरक झाकला जातो, सगळा नव्हे.

त्याहून महत्त्वाचे गिअरचे आणि ब्रेकचे. चाक मोठे झाले की ते फिरवायला आणि थांबवायला, दोन्हींना जास्त जोर लागतो. मोठा टायर जडही असतो. लो रेंजमध्ये, म्हणजे सावकाश पण जास्त जोराच्या गिअरमध्ये, केरी-चोर्ला घाटासारख्या उतारावर इंजिनाच्या ताकदीने गाडी धरून ठेवायची असते. तिथे ही सहा टक्क्यांची उणीव जाणवते. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डाला घासतो का, तेही पाहावे लागते आणि ते सपाट जागेवर कळत नाही. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे उंचवट्यावर असताना स्प्रिंग पुरती दबते. घासणे तेव्हा सुरू होते.

महिंद्रा थारचे उदाहरण बोलके आहे. तिच्या एका प्रकाराला २४५/७५ आर १६ तर दुसऱ्याला २५५/६५ आर १८ टायर येतो. दोघांचे व्यास अनुक्रमे ७७४ आणि ७८९ मिमी, म्हणजे फरक दोन टक्क्यांच्या आतला. भिंत मात्र १८४ वरून १६६ मिमीवर येते. अठराचे रिम देखणे दिसते. दगडाळ व्हाळात सोळाचे बरे, कारण उंच भिंत दबून दगडाला वाट देते आणि रिम वाचते. कंपनीने दिलेल्या व्यासापासून दोन-तीन टक्क्यांपलीकडे जाऊ नये, हा मेस्त्रींचा जुना आडाखा सस्पेन्शनला हात न लावणाऱ्या गाडीसाठी अजूनही पुरेसा आहे. मूळ माप शोधायला दूर जावे लागत नाही. ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरील पट्टीवर हवेच्या दाबासह छापलेले असते.

रुंदी: जांभा, चिखल आणि डांबरावरचे पाणी

गोव्याची जमीन बव्हंशी जांभ्याची. उन्हाळ्यात तिच्यावर सुट्या खड्यांचा थर असतो आणि खाली टणक चिरा, म्हणजे अखंड जांभा दगड. टायर खड्यांवरून गोट्यांवरून सरकावा तसा सरकतो. पावसात त्याच खड्यांचा बारीक गाळ होतो. खालचा चिरा टणकच राहतो, वर दोन-तीन बोटे लाल लोणी बसते. अशा जागी रुंद टायर लोण्यावर तरंगतो. अरुंद टायर ते कापून चिऱ्यापर्यंत पोचतो आणि पकडतो. डिचोली आणि सांगेच्या खाणपट्ट्यातल्या जुन्या वाटांवर हे पाहायला मिळते. तळ नसलेल्या खोल चिखलात, खाजन शेतांच्या (बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतांच्या) मऊ भागात, हिशेब उलटतो. तिथे रुंद टायर कमी रुततो. पण खाजनात गाडी घालणे हे मुळातच बांध मोडण्याचे काम आहे, तेव्हा त्या उपयोगासाठी टायर निवडण्याचा प्रश्न येऊ नये.

डांबरावर साचलेल्या पाण्यातही अरुंद टायर सरस. टायरच्या नक्षीला पाणी बाजूला सारायला वेळ मिळाला नाही तर चाक पाण्याच्या थरावर उचलले जाते, आणि स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखे होते. विमानांच्या टायरांवरील नासाच्या प्रयोगांतून निघालेले एक ढोबळ सूत्र चाक असे उचलले जाण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाशी जोडते: दाब ३२ पीएसआय असेल तर ताशी सुमारे ९४ किमी, २५ असेल तर सुमारे ८३. मोटारीला ते तंतोतंत लागू पडत नाही. नक्षी झिजली किंवा टायर रुंद असला तर संकट याहून आधीच उभे राहते. मुद्दा हा की चिखलासाठी कमी केलेली हवा डांबरावर येताच पुन्हा भरली पाहिजे. त्यासाठी गाडीत छोटा कॉम्प्रेसर लागतो, आणि हौसेची दुसरी कुठलीही वस्तू घेण्याआधी तो घ्यावा.

नक्षीचा विचार मापापासून वेगळा करता येत नाही. एचटी टायर रस्त्यासाठी, एमटी चिखलासाठी, एटी दोन्हींच्या मधला. एमटीचे मोठे ठोकळे चिखल झटकतात, पण ओल्या डांबरावर त्यांचा जमिनीशी संपर्क कमी पडतो, ब्रेक लांब लागतो आणि केबिनमध्ये गुणगुण चालू राहते. म्हापसा-पणजी रोजचे आणि सत्तरी महिन्यातून एकदा अशी ज्यांची तऱ्हा आहे, म्हणजे गोव्यातले बहुतेक फोर-बाय-फोर मालक, त्यांना मूळ मापातला एटी पुरतो. आणखी एक घरगुती अडचण: गावातल्या वाटांना दोन्ही बाजूंनी गडगे, म्हणजे दगडी कुंपणे, असतात. मडगार्डाबाहेर डोकावणारा रुंद टायर, विशेषतः चाक बाहेरच्या बाजूला सरकवणाऱ्या ऑफसेटच्या रिमवरचा, पहिल्यांदा गडग्यालाच घासतो. बेअरिंगवरचा ताण आणि काचांवर उडणारा चिखल हे त्यापुढचे.

चारही चाके सारखी का हवीत

मापाच्या चुकांमधली सर्वांत महाग चूक मोठा टायर बसवण्याची नाही. पुढे एक आणि मागे दुसरा बसवण्याची आहे. थार, जिम्नी, जुनी जिप्सी या पार्ट-टाइम फोर-बाय-फोर गाड्या. एरवी मागची चाके ओढतात. लिव्हर टाकला की ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) पुढच्या आणि मागच्या शाफ्टला एकत्र जखडतो. मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसल्याने दोन्ही शाफ्ट अगदी सारख्या फेऱ्यांनी फिरतात. आता मागे नवे टायर आणि पुढे ५ मिमी अधिक झिजलेले अशी स्थिती घेऊ. व्यासातला फरक १० मिमी. ७७४ मिमीच्या चाकाला किलोमीटरमागे सुमारे ४११ फेरे लागतात, ७६४ मिमीच्या चाकाला ४१७. फिरताना टायर दबत असल्याने प्रत्यक्ष फरक थोडा कमी भरतो, तरी दर किलोमीटरला चार-पाच फेऱ्यांचे भांडण उरतेच.

चिखलात किंवा वाळूत एखादे चाक घसरून हे भांडण मिटवते. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते. ताण शाफ्टांत आणि ट्रान्सफर केसमध्ये साठत जातो, लिव्हर परत टू-व्हीलवर येत नाही, गाडी वळताना अडखळते. मग लोक गिअरबॉक्स बिघडला म्हणून मेस्त्रीकडे जातात. काही वेळा गाडी थोडी मागे घेतली की ताण सुटतो आणि लिव्हर निमूट सरकतो. कायम चारही चाके ओढणाऱ्या गाड्यांत असाच फरक मधल्या क्लचला किंवा डिफरन्शियलला सतत झिजवत राहतो.

तपासणी सोपी आहे. हवा सारखी भरून सपाट जागी टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करावी, गाडी चाकाच्या एका फेऱ्याइतकी ढकलावी, टेपने अंतर मोजावे. पुढचे आणि मागचे अंतर जितके जुळेल तितके बरे. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक म्हणजे एक टक्क्याच्या आसपासची विसंगती. जुनी गाडी विकत घेताना हा पाच मिनिटांचा उद्योग जरूर करावा. एकच टायर फुटला म्हणून एकच नवा घेण्याची काटकसर फोर-बाय-फोरमध्ये चालत नाही. निदान जोडीने घ्यावा, शक्य तर चारही.

भार

दूधसागर धबधब्याकडे जाणाऱ्या जीपगाड्या कुळेहून भगवान महावीर अभयारण्यातून व्हाळ ओलांडत जातात. पावसाळ्यात ही फेरी बंद असते आणि साधारण ऑक्टोबरात पुन्हा सुरू होते. भरलेली गाडी, गोल गुळगुळीत दगड, दारापर्यंत येणारे पाणी: इथे टायरच्या रुंदीपेक्षा भारसंख्या आणि भिंतीची मजबुती कामाला येते. एलटी, म्हणजे हलक्या मालवाहू गाड्यांच्या धाटणीचे टायर दगडाला जास्त टिकतात. मात्र तेवढाच भार पेलायला त्यांना साध्या मोटारीच्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. दाराच्या पट्टीवरचा दाब मूळ टायरसाठी असतो, हे बदल करताना ध्यानात ठेवावे. नव्या टायरची भारसंख्या मूळपेक्षा कमी असता कामा नये, मग माप हुबेहूब जुळत असले तरी.

वाळू

गोव्याचे नाव निघाले की बाहेरचा माणूस किनाऱ्यावरून पळणारी जीप डोळ्यांपुढे आणतो. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी आहे आणि पोलीस गुन्हे नोंदवतात. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. वाळूसाठी रुंद टायर हा युक्तिवाद त्यामुळे गोव्यापुरता इथेच संपतो.

कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील आणि कंपनीचे मूळ वर्णन यांत तफावत पाडणारे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकारात कंपनीने दिलेले माप रिमसकट घेणे ही त्यातल्या त्यात निर्धोक वाट. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर टायर पाहतोच. मोटारीच्या टायरमधल्या झीजखुणा १.६ मिमीवर असतात. नक्षी तिथवर आली की टायर बाद. गोव्याच्या पावसात मात्र ३ मिमीलाच निरोप द्यावा.

स्टेपनी

पाचवा टायर याच मापाचा हवा. तात्पुरता बारीक टायर पार्ट-टाइम फोर-बाय-फोरला निरुपयोगी, कारण वर सांगितलेले फेऱ्यांचे भांडण त्याच्याने वाढते. पाचही टायर आळीपाळीने फिरवले तर झीज सारखी राहते. मागच्या दाराला टांगलेल्या स्टेपनीचे वजन मोठ्या मापाबरोबर वाढते आणि बिजागऱ्या खाली बसतात. दार बंद करताना उचलून धरावे लागले की ओळखावे. खाऱ्या हवेने तिचे नटही गंजतात, म्हणून वर्षातून दोनदा ते सोडवून ग्रीस लावून पुन्हा आवळावेत. टायरच्या भिंतीवरचे, टायर बनल्याचा आठवडा आणि साल सांगणारे चार आकडेही तेव्हाच पाहावेत: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. न वापरलेली स्टेपनी नवी दिसते, पण उन्हात राहून तिचे रबर कडक झालेले असते, आणि भिंतीवर नखाएवढ्या भेगा दिसू लागल्या की ती व्हाळात नेण्याजोगी राहिलेली नसते.