स्पीकरचं नाव 'बंड्या' का ठेवता येत नाही?

लेकीची मागणी साधी होती, स्पीकरला अलेक्सा नाही, बंड्या म्हणायचं. पण इकोच्या (अ‍ॅमेझॉनचा बोलता स्पीकर) सेटिंगमध्ये अलेक्सा, इको, कॉम्प्युटर असले मोजकेच पर्याय. "सगळं तर ऐकतो, मग बंड्या ऐकायला काय होतं?"

तर ऐकतो, पण समजत नाही. आत एक छोटंसं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणं ऐकून शिकलेला प्रोग्राम असतो, त्याला ना मराठी येत ना इंग्रजी, फक्त एका शब्दाचा आवाज ओळखता येतो. माइकवरून सेकंदाला १६,००० आकडे येतात, त्यांचे तुकडे पाडून कुठल्या फ्रिक्वेन्सीत किती जोर आहे ते बघायचं आणि ० ते १ मध्ये मार्क द्यायचे. मार्क ठरलेल्या रेषेवर गेले की स्पीकर जागा होतो, त्याचा दिवा लागतो, नाहीतर तो आवाज पुसून त्यावर नवा. त्यामुळे 'घरातलं सगळं बोलणं दिवसभर कंपनीला जातं' हा व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड काही खरा नाही, चुकून जागा झाला तर तेवढं बोलणं मात्र जातं.

आता गंमत बघा. ओपनवेकवर्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, रास्पबेरी पाय नावाच्या छोट्याशा कॉम्प्युटरवर चालतं, त्यात हवा तो शब्द शिकवता येतो. ते ८० मिलिसेकंदांच्या तुकड्यांवर चालतं, म्हणजे सेकंदाला साडेबारा निर्णय, दिवसाला १० लाख ८० हजार! लाखात एक चुकला तरी रोज अकरा वेळा उगाच "हं, बोला". बंड्या पडला दोन अक्षरी, आणि खंड्या, गुंड्या, थंड्या, सगळे त्याच्यासारखेच. अलेक्सामधला 'क्स' कसा कानाला टोचतो, तसं काहीतरी लागतं, शिवाय शब्द लांब हवा. त्यात हे सॉफ्टवेअर शिकतं कॉम्प्युटरने बनवलेल्या इंग्रजी आवाजांवर, त्यांचा 'बँड्या' ऐकून लेक लोळून हसली.

जागा झाल्यावरच्या कमांड बदलणं त्यामानाने सोपं, तिथे बोलणं आधी अक्षरांत उतरतं, मग रूटीनमध्ये (अमुक म्हटलं की तमुक कर, अशी सेटिंग) 'गुड नाइट' लिहून दिवे बंद करा की.

शेवटी 'बंडोपंत' ठरलं. टीव्हीवरच्या मालिकेने दोनदा जागा केला म्हणून रेषा ०.५ वरून ०.७ वर नेली. आता मालिका गप्प, पण आजीची हळू हाक काही ०.६ च्या वर जात नाही, ती उठते आणि हाताने दिवा लावते.